टॉवरचा केक: फोंडंटचं काय करायचं?

११ जून २०२३, रविवार

काल रात्री इथे बडोद्यात, निझामपुऱ्यात एका पहिल्या वाढदिवसाच्या हॉलवर केकचा स्टँड परत आणायला गेले होते. कोपऱ्यात उष्ट्या प्लेट्सचा ढीग होता आणि जवळजवळ प्रत्येक प्लेटच्या कडेला माझा फोंडंट, म्हणजे केकवर लाटून चढवतात तो साखरेचा पदर. निळा, गुलाबी, नीट सोलून काढलेला, संत्र्याची साल काढतात तसा. वाढपी मुलाकडून एक पिशवी मागून घेतली आणि सगळं गोळा केलं. घरी येऊन वजन केलं तर ४३० ग्रॅम. केकवर मी ७०० ग्रॅम लाटला होता.

आईंना (सासूबाईंना) दाखवलं. त्या म्हणाल्या, "मिठाईला वर्ख लावतात तो खाता तरी येतो. हे तर केकला नेसवलेलं लुगडं. जेवताना कोणी लुगडं खातं का?"

आणि आज दुपारी नवीन ऑर्डर. रावपुऱ्यात वाढलेल्या एका आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. शांत, औक्षण, ८१ दिवे सगळं व्यवस्थित ठरलंय. केक मात्र नातवाची हौस. ९ जुलै, रविवार, संध्याकाळी अकोट्यातल्या हॉलमध्ये, साठ-सत्तर माणसं. १८ जुलैपासून अधिक मास लागतोय म्हणून तारीख पुढे सरकणार नाही, हे त्याने तीनदा सांगितलं. केक हवाय रावपुरा टॉवरचा, म्हणजे चिमणाबाई टॉवरचा, १८९६चा. आजोबांचं बालपण त्याच्या सावलीत गेलं. फोटो पाठवलाय तो जुना, पिवळा पडलेला, कडा दुमडलेल्या.

"काकू, फुल फोंडंटमध्ये करा हं. प्रोफेशनल दिसला पाहिजे."

हो म्हटलं. पण ती पिशवी अजून ओट्यावरच आहे.

१४ जून, बुधवार

बिपरजॉय चक्रीवादळाच्या बातम्या चालू आहेत. कच्छकडे जाणार म्हणतात, पण हवा इथेही ओली. आयसिंग शुगरचा डबा उघडला तर वर खडे.

आज फक्त हिशोब. टॉवर ५ × ५ इंचांचा चौरस, उंची ११ इंच, वर छोटा कळस. केक आणि गनाश (चॉकलेट-क्रीमचा लेप) मिळून तीन किलोच्या आसपास जाईल. मध्ये साडेपाच इंचांवर एक पातळ बोर्ड, त्याखाली जाड स्ट्रॉ कापून खांब म्हणून. नाहीतर वरच्या मजल्याच्या वजनाने खालचा मजला बसतो आणि फोंडंटला पोटाशी वळ्या पडतात. हे गेल्या वर्षी एका लग्नाच्या केकवर शिकले आहे. त्या केकचा फोटो मी कोणाला दाखवत नाही.

फोंडंट चार मिलिमीटर जाड लाटला तर चार बाजूंना आणि वाया जाणाऱ्याला धरून किलोभर लागेल. तयार पाकीट मला साडेतीनशेला पडतं. स्वस्त आहे. त्यातला ६० टक्के कचऱ्यात जाणार असेल तर स्वस्त की महाग, ते कळत नाही.

१६ जून, शुक्रवार

न्याय मंदिराच्या मागच्या बाजूला बेकिंगचं सामान घेते, तिथे गेले. दुकानदारभाई नेहमीसारखेच: "बेन, लीला टपकावाळुं ज जोईए ने?" हिरव्या ठिपक्याचंच हवं. आपल्या गावात हा प्रश्न आधी विचारतात, किंमत नंतर.

प्रश्न बरोबरच आहे. जुन्या पद्धतीच्या फोंडंटमध्ये जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. घरगुती कृतींमध्ये मार्शमेलो वितळवून करतात, त्यातही तेच. शाकाहारी पाकिटावर घटकांच्या जागी आकडे दिसतात: ४२२ म्हणजे ग्लिसरीन, ओलावा धरून ठेवायला, ४६६ म्हणजे सीएमसी, ताण आणि घट्टपणा यायला. बाकी जवळजवळ सगळी साखर. ग्लिसरीन प्राणिजही असू शकतं, म्हणून नुसते आकडे वाचून भागत नाही, ठिपका बघावाच लागतो.

हौस म्हणून घरी करून पाहिला. जिलेटिनच्या जागी अगर-अगर, समुद्री शेवाळातून काढतात तो. फसला. अगर पस्तीस-चाळीस अंशांवरच घट्ट होतो. मी साखरेत ओतेपर्यंत त्याच्या कण्या झाल्या. लाटल्यावर साबुदाण्याच्या पापडासारखं दिसत होतं. आणि एकदा जमलेला अगर वितळायला पंच्याऐंशी अंश लागतात, तोंडात तो कशाला विरघळेल? जिलेटिन अंगाच्या उबेलाच सुटतं, म्हणून तो जुना फोंडंट जिभेवर मऊ लागायचा. फोंडंट हा शब्दच मुळी वितळण्यावरून आला आहे, फ्रेंचमधून. आमच्या शाकाहारी फोंडंटपर्यंत येता येता नाव तेवढं राहिलं.

घरी करणं बंद. पाकीटच आणायचं.

१८ जून, रविवार

घामाची परीक्षा. सहा इंचांचे दोन साधे केक, दोन्हींवर आत गनाश, वर लाल फोंडंट. एक फ्रिजमध्ये, एक एसीच्या खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यात. ओट्यावरचा आर्द्रतेचा काटा ८२.

फ्रिजमधला सहा तासांनी काढून टेबलावर ठेवला. पाच मिनिटं काही नाही. मग बारीक थेंब, मग चकाकी, मग कडेने लाल ओघळ. बोट लावलं तर बोटाचा ठसा राहिला आणि बोटही लाल. गार पृष्ठभागावर हवेतलं पाणी जमतं आणि साखर ते पिऊन घेते, एवढंच. पंख्याखाली दोन तासांनी वाळला, पण ठसे आणि ओघळ गेले नाहीत.

खोक्यातला जसाच्या तसा.

मग मुद्दाम तिसरा: आत व्हिप्ड क्रीम, वर फोंडंट. गिऱ्हाइकांना हेच हवं असतं, "आत क्रीम, वर फोंडंट". चार तासांत आतून ओलावा वर आला आणि फोंडंट बाजूने खाली घसरला, मोज्याचं इलॅस्टिक गेल्यासारखा. हा फोटो जपून ठेवलाय. पुढच्या वेळी वाद न घालता फोटोच पाठवेन.

२० जून, मंगळवार

फोंडंटची बाजूही मांडते, नाहीतर मी आईंच्या बाजूने निकाल देऊन मोकळी होईन.

मे महिन्यात इथे ४२-४३ अंश असतात. नुसत्या व्हिप्ड क्रीमचा केक हॉलवर पोचेपर्यंत खांदे पाडतो. गनाशवर फोंडंट असेल तर तो तग धरतो. आतला केक हवेपासून झाकलेला राहतो, कोरडा पडत नाही, म्हणून सजावट दोन दिवस आधी उरकता येते. आणि गोल केकवर एकाच पदरात, सांधा न दिसता, कडेवरून खाली येणारं दुसरं काहीही मला माहीत नाही. बटरक्रीम कितीही घासा, तो गुळगुळीतपणा येत नाही. लोकांना मुळात हवा असतो तो हा गुळगुळीतपणा. फोटोत चव येत नाही.

पण टॉवर गोल नाही. हे इतके दिवस डोक्यात का आलं नाही कोण जाणे! चार सपाट भिंती, चार कोपरे. इथे पदर सोडायची गरजच नाही, फरश्या चिकटवायच्या आहेत.

२९ जून, गुरुवार, आषाढी एकादशी

बाहेर पाऊस, घरात उपास, आणि मला चव घेऊन बघायची आहे. उपासाला चालेल असं लाटता येण्याजोगं गोड काय? उत्तर आईंनीच दिलं: काजूकतली.

मी ओट्यासमोर मिनिटभर तशीच उभी राहिले. युरोपात फोंडंटच्या आधीपासून केकवर बदामाचं मार्झिपॅन लाटतात. आपल्याकडे त्याचंच काजूचं भावंड दर दिवाळीला लाटलं जातं, आणि मी पाकिटातली साखर लाटत बसले आहे.

पहिला घाणा: ५०० ग्रॅम काजू, २५० ग्रॅम साखर. काजू फ्रीजरमध्ये गार करून, मिक्सर थांबवत थांबवत दळले, चाळून घेतले. सलग फिरवले तर तेल सुटतं आणि पुढे काही खरं नाही. एकतारी पाक, त्यात पूड, मंद आचेवर गोळा कडा सोडेपर्यंत. तूप लावलेल्या दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये कोमट असतानाच लाटला. सुरेख लाटला गेला. दहा मिनिटांनी उचलायला गेले तर बिस्किटासारखा तुकडा पडला.

दुसऱ्या घाण्यात अर्ध्या गोळ्यात दोन चमचे लिक्विड ग्लुकोज. ते पाकाची साखर पुन्हा दाणेदार होऊ देत नाही. लवचीकपणा आला, पट्टी हाताने थोडी वाकवता येते. पण ग्लुकोज मक्याच्या स्टार्चचं, म्हणून तो अर्धा उपासाला बाद. तशी आयसिंग शुगरही बाद, त्यात कॉर्नफ्लोअर असतं. आईंनी बिनग्लुकोजचा अर्धा ताब्यात घेतला आणि "तपासणी" म्हणून चार वड्या संपवल्या.

रंग बघितला आणि हसू आलं. नातवाने पाठवलेल्या त्या पिवळ्या फोटोतल्या टॉवरचा रंग तंतोतंत हाच. एक थेंबही रंग घालायला नको.

३० जून, शुक्रवार

नातवाला फोन.

"काकू, काजूकतलीचा टॉवर? पण फिनिशिंग?"

त्याला फरशीचा फोटो पाठवला. तो गप्प. मग प्लेट्सच्या कडेचा फोंडंट, वजनकाट्यावर, ४३०. मग तो बराच वेळ टाइप करत होता आणि शेवटी एवढंच आलं: "आजोबांना काजूकतली आवडते."

किंमत स्पष्ट सांगितली. पाऊण किलो काजू लागतील, हाथीखान्याच्या बाजारातून घेतले तरी फोंडंटच्या जवळजवळ दुप्पट जाईल. मान्य. घड्याळं, कमानी, अक्षरं फोंडंटचीच करणार हेही सांगितलं. काजूच्या गोळ्यातून रोमन आकडे कापायला जाल तर आकड्यांचा भुगा हातात येतो. तो प्रयत्न काल रात्रीच करून झाला.

घड्याळात किती वाजलेले दाखवू? तो म्हणाला, आजीला विचारतो.

२ जुलै, रविवार

पूर्ण उंचीचा नमुना, थर्मोकोलच्या ठोकळ्यावर. फरश्या चार, प्रत्येकी ५ × ११ इंच. ठोकळ्यावर गनाश लावून फ्रिजमध्ये कडक केलं आणि वर फरशी लावली. पंधरा मिनिटांत एक फरशी सावकाश खाली आली आणि ओट्यावर आडवी झाली, दुपारी जेवून माणूस आडवा होतो तशी.

कारण दोन. एक, गार गनाशला पकड नव्हती. आता आधी कोमट ग्लुकोजचा हात फिरवायचा, मग फरशी. दोन, फरशी उंचीच्या मानाने जड. म्हणून प्रत्येक बाजू दोन तुकड्यांत, मधल्या बोर्डाच्या रेषेवर सांधा, आणि त्या सांध्यावर फोंडंटची पट्टी, छज्जासारखी. खऱ्या इमारतीतही सांधे असेच झाकत असतील.

गनाशचं प्रमाणही बदललं. इथे मिळणारी पाकिटातली क्रीम २५ टक्के फॅटची, म्हणजे पाणी जास्त. उन्हाळ्यात मी चॉकलेट-क्रीम अडीचास एक घेते. या टॉवरला तिनास एक.

आजीचा निरोप आला: पावणेनऊ. आजोबांची सायकल रोज त्या वेळी टॉवरखालून जायची, कामावर. "एकदाही उशीर नाही, असं सांग म्हणाली."

४ जुलै, मंगळवार

चार घड्याळांसाठी सहा तबकड्या. फोंडंटमध्ये सीएमसी मळलं, पाव किलोला चहाचा एक चमचा. अर्धा तास झाकून ठेवलं, मग लाटून कापलं. कोरड्या हवेत हे एका रात्रीत खडखडीत होतं. जुलैत बडोद्यात दुसऱ्या दिवशीही वाकतंय. एसीच्या खोलीत, बिस्किटांच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या कागदात गुंडाळून शेजारी. तबकड्यांना त्यांचा स्पर्श नको.

६ जुलै, गुरुवार

तबकड्या वाळल्या. एक वाटीसारखी वर आली, एक बरी, चार चांगल्या. रोमन आकडे खाण्याच्या काळ्या रंगाने, सगळ्यात बारीक ब्रशने. चार लिहायला IIII काढलं, कारण बऱ्याच जुन्या घड्याळांवर IV नसतं. नातवाच्या फोटोत ते दिसण्याइतका मोठा भाग नाही, पण आजोबांसारख्या माणसाला फरक कळेल.

सायकलही केली. चाकं आणि सांगाडा फोंडंटचा. आरे करायला फोंडंटची तार तीनदा लाटली, तीनदा तुटली. शेवटी डब्यातली भाजलेली शेवई. बारीक, सरळ, आणि वाकत नाही. हँडललाही तीच. फोंडंटला सगळं जमतं असं म्हणणाऱ्याने त्याची सायकल करून बघावी.

८ जुलै, शनिवार

सकाळी सहाला सुरुवात. केक मावा-वेलचीचा, बिनअंड्याचा, काल भाजून रात्रभर गार केलेला. गार असतानाच कोरावा लागतो, कोमट केक सुरीला चिकटून ओरबाडला जातो. अकरा थर. मधला बोर्ड. स्ट्रॉचे पाच खांब. मग वरून खाली बोर्डासकट आरपार जाणारी एक लाकडी काडी, टोक पेन्सिलसारखं तासून. गनाशचे दोन हात, मधल्या वेळात भाजी-पोळी.

दुपारी तीनला फरश्या. आठही लागल्या, एकही हलली नाही. कोपऱ्यांवर फोंडंटच्या बारीक पट्ट्या, कमानींच्या चौकटी, छज्जा, वर कळस. एकूण फोंडंट मोजला: २१० ग्रॅम. काजूचा गोळा ११४० ग्रॅम झाला होता, त्यातला ३२० उरला. मुलं ताटाभोवती दीड तास घोटाळत होती. उरलेला फोंडंट तसाच पडून होता, त्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. ही परीक्षा मी मुद्दाम घेतली नव्हती.

एसी २३ वर, खोलीचं दार बंद, रात्री कोणी उघडायचं नाही म्हणून दाराला चिठ्ठी. फ्रिज नाही. गनाश आणि काजू दोन्ही एक रात्र बाहेर राहू शकतात.

९ जुलै, रविवार

कसोटी अंतराची नव्हती, खड्ड्यांची होती. दांडिया बाजारहून अकोट्याचा पूल ओलांडला की आलंच. ह्यांनी गाडी रिक्षावाल्यांनाही राग येईल इतकी हळू चालवली. मी मागे, मांडीवर नाही, गाडीच्या फरशीवर, खोक्याला दोन्ही हातांनी धरून. मांडी उतरती असते, खोकं सपाट जागीच ठेवायचं. खाली विश्वामित्री गढूळ, फुगलेली. एरवी पुलावर आले की मगर दिसते का बघायची सवय, आज मान वर केली नाही.

पोचल्यावर नुकसान: सायकलचं हँडल. खिशात शेवईची पुडी होतीच.

औक्षण झालं. ८१ दिवे एकदम लागले तेव्हा माझ्या मनात फक्त दिव्यांची उष्णता आणि गनाश. आजोबा केकजवळ आले, चष्मा वर करून खूप वेळ बघत राहिले. मग बोट घड्याळाजवळ नेलं, लावलं नाही.

"पावणेनऊ," म्हणाले. आणि आजींकडे बघून, "पाच मिनिटं आधीच असायचो मी."

कापताना काजूची फरशी सुरीखाली स्वच्छ तुटली. फोंडंट सुरीबरोबर ओढला जातो, तसं झालं नाही. पण एक गोष्ट लिहून ठेवायला हवी: वरच्या मजल्याच्या एका कोपऱ्यात फोंडंटची पट्टी आणि काजू यांच्यात बारीक फट पडली होती. दोघांचं आकुंचन सारखं नसावं. समोरच्या बाजूला असती तर दिसली असती.

१० जुलै, सोमवार

सवयीने प्लेट्स बघून आले होते. काजू कुठेच नाही. फोंडंट मिळाला तो कमानींच्या आणि पट्ट्यांच्या तुकड्यांत, ९० ग्रॅमच्या आत. तबकड्या एकही नाही. नातवंडांनी वाटून घेतल्या.

सकाळी एका ताईंचा फोन: कारेलीबागेत मुलाचा पहिला वाढदिवस, गोल दोन मजली केक, वर हत्ती, "फुल फोंडंट". मी त्यांना दोन भाव सांगितले. एकात सगळा फोंडंट. दुसऱ्यात हत्ती फोंडंटचा, कारण हत्तीची सोंड दुसऱ्या कशाची उभी राहत नाही, आणि बाकी बटरक्रीम. गोल केकवर काजू गुंडाळायला मी अजून शिकलेले नाही. कडेवर तडे जातात. दोन्हींचे फोटो पाठवले आणि तिसरा तो वजनकाट्याचा. त्या म्हणाल्या, घरी विचारून सांगते.

संध्याकाळी नातवाचा फोटो आला. शोकेसमध्ये, आजोबांच्या जुन्या मनगटी घड्याळाशेजारी, माझी एक तबकडी. पावणेनऊ.

कळवलं: तिला काचेच्या बरणीत ठेवा, नाहीतर पावसाळ्यात मऊ पडेल आणि मुंग्या लागतील. उद्या ह्यांच्याबरोबर सिलिका जेलच्या दोन पुड्या पाठवते.